माणूस नसता तर पृथ्वीचं बरं झालं असतं का? (गावचं बंद घर उघडल्यावर पडलेला प्रश्न)

बंद_घर
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण घरात विचारला तर बायको म्हणेल झोप आता, म्हणून इथे टाकतोय.

मे महिन्यात दोन वर्षांनी गावी गेलो (गुहागर तालुका, गावाचं नाव नको). कुलूप गंजलेलं, तेल घालून घालून अर्ध्या तासाने उघडलं. आत चुलीच्या बाजूला धामणीची कात पडलेली, अख्खी, शेपटीच्या टोकापर्यंत, कोणी पायमोजा काढून ठेवावा तशी. माळ्यावर कांडेचोराने (उदमांजराने) संसार थाटलाय, खाली माजघरभर त्याची घाण आणि त्यात भेरली माडाच्या बिया. विहिरीच्या चिऱ्यांच्या फटीतून उंबर आलाय मनगटाएवढा जाड. आजोबा ज्या खाचरात नांगर धरायचे तिथे आता पुरुषभर रान आहे आणि संध्याकाळी त्या रानातून भेकर (लहान हरीण) भुंकलं, मला आधी कुत्रं वाटलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. वाडीत घरं १४, चुली पेटतात ३.

मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, बाबा आपण नव्हतो तर सगळे मजेत होते की इथे, मग जगात कुठेच माणसं नसली तर? मी हसलो, विषय बदलला, पण रात्री झोप नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनीच बघितलं की माणूस घरात बसला की बाहेर काय काय होतं. आणि २०१८ चा एक अभ्यास वाचला होता, त्यात सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं (म्हणजे हिशेबाने, काट्यावर नाही) तर ६० टक्के आपली गुरंढोरं डुकरं, ३६ टक्के आपण स्वतः, आणि वाघ हत्ती देवमासा भेकर सगळे मिळून ४ टक्के. चार!! हे वाचल्यावर पोरीला काय तोंडाने सांगू की आपण असलेलं बरं?

प्रामाणिक मतं हवीत, 'धरणीमाता रडते आहे' टाइप फॉरवर्ड कृपया नकोत, ते आमच्या फॅमिली ग्रुपवर भरपूर येतात.

चाकरमानी_५०२
माणूस नसला तर मुंबई-गोवा हायवे कोण पूर्ण करणार? २०११ पासून काम चालू आहे साहेब. हां, म्हणजे माणूस असूनही होत नाहीये हा मुद्दा आहेच 😄

खवट_नारळ
पृथ्वीला 'बरं' वाटतं म्हणजे नेमकं काय होतं? ताप उतरतो? तुमच्या घराखालचा जो काळा दगड आहे ना, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून ओतला गेलाय, लाखो वर्षं ओतत होता, बहुतेक महाराष्ट्र त्याचाच आहे, आणि त्याच सुमाराला डायनासोर गेले (उल्केचाही हात होता, भांडण चालू आहे अजून). तोच दगड कुजून जांभा झाला आणि त्या जांभ्याच्या चिऱ्यात तुमचं घर. त्याच्याही आधी २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या ९० टक्क्यांच्या आसपास जाती गेल्या, तेव्हा कुठे होता माणूस? पृथ्वीने काही शोकसभा घेतली नाही. अजून १०० कोटी वर्षांनी सूर्यच इतका तापणार आहे की समुद्र उकळून जातील, तेव्हा कांडेचोरही नसेल आणि भेरली माडही नसेल. ग्रह म्हणजे दगड आहे हो, त्याला बरं-वाईट काही नाही. प्रश्न असा विचारा की बाकीच्या जनावरांचं बरं झालं असतं का. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर मला विचाराल तर बहुतेकांचं हो, उंदीर झुरळं आणि ढेकूण सोडून.

वेळासपार
खवट भाऊंचं शेवटचं वाक्य बरोबर, पण 'बहुतेकांचं हो' हे इतकं सरळ नाही. मी मंडणगड बाजूचा, किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला जायचो. ऑलिव्ह रिडले. मादी रात्री येते, वाळूत हातभर खड्डा करते, शंभरेक अंडी घालून पोटाने वाळू थापटते आणि परत जाते, मागे वळून बघत नाही. पूर्वी गावात ती अंडी काढून खायचे, विकायचे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्याच घरी आली असतील. मग २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला काम सुरू केलं, ज्यांना अंडी कुठे असतात ते बरोबर माहीत होतं तीच माणसं राखणीला बसली. अंडं चोरायला जो डोळा लागतो तोच वाचवायला लागतो, वाळूवरचा उमटा ओळखायचा, काठी खुपसून वाळू कुठे मऊ लागते बघायचं.

आता माणूस नसता तर? अंडी चोरणारा नसता, बरोबर. गावचे कुत्रे आपणच आणले, तेही नसते. कोल्हा घोरपड असतेच पण तो त्यांचा जुना हिशेब, कासवं दहा कोटी वर्षांहून जुनी आहेत, त्यांनी तो कधीच जमवलेला आहे. पण आज अचानक माणूस गेला तर काय, हा वेगळा प्रश्न आहे बघा. वाळू किती तापते त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं, तापली की माद्या जास्त. हवेत जो कार्बन आपण सोडलाय तो आपण मेलो म्हणून दुसऱ्या दिवशी खाली बसणार नाही, शेकडो वर्षं राहणार. म्हणजे वाळू तापलेलीच राहणार आणि घरटं सावलीत हलवायला कोणी नसणार. भांडं उपडं करून पळून गेल्यासारखं आहे ते.

सकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की पिल्लं एकदम बाहेर पडत नाहीत, आधी वाळू मध्ये खचते थोडी, मग एक नाक दिसतं. ते नाक ज्याने बघितलंय त्याच्याकडून 'माणूस नकोच' हे म्हणवत नाही. ही माझी कमजोरी समजा.

आगरातली
सॉरी पण मला या धाग्याचा रागच आला. बंद घर बघून मुंबईकर हळवे होतात, त्या बंद घराच्या शेजारी राहतं कोण? मी राहते. राजापूर तालुका, १९ वर्षं झाली लग्न होऊन, स्वतः शेती करते.

तुमच्या पुरुषभर रानात काय काय आहे ते जवळ जाऊन बघितलंत का? निम्मी रानमोडी असणार. ती अमेरिकेतली, इथली नव्हे, गुरं खात नाहीत, खाली दुसरं गवत येऊ देत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चला वाळली की काडेपेटीसारखी. वणवा नेहमी पडीक जमिनीत लागतो आणि जळते कोणाची, तर राबणाऱ्याची कलमं. मागच्या वर्षी माझी सहा काजूची गेली, हिरवे फांदे घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही तीन बायका झोडपत होतो, शेतमालक बोरिवलीला. माकडं रानात फळं नाहीत म्हणून माझ्या परसात, भुईमूग लावायचा सोडला, पपई सोडली, आता नारळाचे कोवळे तोडून फेकतात. माणूस गेला की जंगल येतं हे टीव्हीत असतं. इथे माणूस गेला की आधी रानमोडी येते.

आणि आमच्या गावात पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) एका अंगाला असंच पडीक आहे आणि दुसऱ्या अंगाला देवराई. मधे फक्त गडगा (दगडी बांध). देवराईत दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, खाली एप्रिलमध्येसुद्धा ओल, धनेश येतो. ती काय माणूस नव्हता म्हणून राहिली? माणसाने नियम केला म्हणून राहिली, की देवाच्या रानातली सुकी काटकीसुद्धा उचलायची नाही. माझ्या सासूबाई आजही चप्पल काढून जातात.

अजून एक. आमच्याकडे जंगल बहुतेक खासगी, सामाईक सातबारा, त्यावर १७-२० नावं, त्यातले गावात दोन. लाकूडवाला फोनवर १५ जणांची संमती घेतो, ऑनलाइन पैसे टाकतो, आणि चार दिवसांत डोंगर बोडका, ट्रक भरून चालले. ज्याने झाड बघितलं नाही तो विकतो. तेव्हा मला सांगू नका की माणूस निघून गेला की निसर्गाचं भलं होतं, निघून गेलेल्या माणसानेच आमचा डोंगर विकला.

वाशिष्ठीकाठ
ताई 🙏 लागलं.

मी चिपळूणचा, मला 'उद्या सकाळी माणूस गायब' हा खेळ आवडतो, पोरांबरोबर खेळतो कधी कधी. आमची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती स्वतःच्या जिवावर नाही. कोयनेचं पाणी, जे खरं पूर्वेला कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते बोगद्यातून पोफळीला आणून टर्बाइन फिरवतात आणि मग इकडे सोडतात, वर्षाला ६७ टीएमसीच्या आसपास, १९६२ पासून. माणूस गेला, टर्बाइन बंद, की एप्रिलमध्ये वाशिष्ठी परत डबक्या-डबक्यांची. त्यात इतक्या वर्षांत जे मासे, मगरी, पाणकोंबड्या रुळल्या त्यांचं काय, त्यांनी तर आपल्याला बोलावलं नव्हतं. आणि वर कोळकेवाडीचं धरण आहेच, सांडव्याचे दरवाजे उघडायला कोणी नाही. २२ जुलै २०२१ ला माझ्या दुकानात नऊ फूट पाणी होतं आणि तेव्हा तर माणसं होती.

पण खाडीला बरं होईल हे नक्की. खारजमिनीचे बांध दोन-चार पावसात फुटतील, भरती आत शिरेल, तिवरं आणि चिपी (खारफुटीची झाडं) परत येतील, तिवरात कोळंबीची पिल्लं वाढतात. केमिकलच्या टाक्या मात्र आधी फुटतील, मग बरं.

गंमत हापूसची. कोय लावून हापूस येत नाही, कलमच बांधावं लागतं. म्हणजे माणूस गेला की आहेत ती झाडं जगतील तेवढी जगतील, खाली पडलेल्या कोयींतून रायवळ येईल, आणि शेवटचं कलम वठलं की हापूस संपला. माकडांना काही फरक नाही, रायवळही गोडच. काजू राहील, पोर्तुगीजांनी आणला आणि आता तो ऐकत नाही कोणाचं. बैल जाईल, वाघाबिबट्यासमोर किती टिकणार. चेर्नोबिलला १९८६ च्या अणुभट्टीच्या स्फोटानंतर माणसं हलवली तर लांडगे वाढले, हरणं वाढली, किरणोत्सर्ग असून, म्हणजे आपण त्याहून जड होतो त्यांना, हे वाचून मला आठवडाभर वाईट वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

रापणकर
माणूस व्हयो की नको ह्यो प्रश्नच माका कळाक नाय. खयचो माणूस ता आधी सांगा.

(प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर ठाण्याच्या पुढे कोणाला समजायचं नाय.) मालवणकडचा आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, चाळीस-पन्नास माणसं दोन बाजूंनी दोर धरतात, मिळालं त्यात सगळ्यांचा वाटा, ज्याने नुसता हात लावला त्या म्हाताऱ्याचापण. ओढून ओढून जेवढं किनाऱ्याला येईल तेवढंच. आणि त्याच समुद्रात रात्री बघा, एलईडी लावून बोटी उभ्या, पाण्यात दिवाळी. मासा उजेडाला जमतो, लहान मोठा सगळा, आणि खालून गोळा. २०१७ पासून बंदी आहे कागदावर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आमचा बाप तर नारळी पौर्णिमेशिवाय होडी लोटायचाच नाय, कायदा नव्हता तेव्हापासून.

आता तुमचे शहाणे म्हणणार 'माणसाने समुद्र संपवला'. बरं, कोणत्या? आमच्या आणि त्यांच्या जाळ्याचं ओझं एकाच पावतीवर कसं लिहिता? पोरगी जर विचारते माणूस नको का, तर तिला सांगा यादी काढायची झाली तर वरून सुरुवात कर, रापणीचा नंबर लय उशिरा लागतो. ते ६० टक्के जनावरांचं वजन म्हणालात ना, ती जनावरं आमच्या गोठ्यात नायत, माझी एक म्हैस आहे.

खवट_नारळ
रापणकर, हे मान्य. पण मग माणूस चांगला की वाईट असं न राहता किती आणि कसा असं झालं, धाग्याचा विषयच बदलला.

रापणकर
बदलू दे. भरतीच्या टायमाला ओहोटीचं जाळं कोण धरून बसतो.

बंद_घर
सगळे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. तिला खवट भाऊंचा दगड आवडला (हे वय असंच), आणि त्या कासवाच्या नाकाचं परत वाचायला लावलं. एलईडीवर तिची आणि माझी अर्धा तास चर्चा, शाळेत प्रोजेक्ट करते म्हणाली.

आगरातली ताई, राग रास्त आहे. सातबारा काढून बघितला, आमच्यावर ११ नावं आहेत, त्यातली ४ वारलेली. आणि मागच्या दिवाळीत काकांना असाच एक फोन आला होता, वरच्या किंजळ-ऐनाच्या झाडांसाठी, मी 'तुम्ही ठरवाल ते' म्हणून मोकळा झालो होतो. काल काकांना फोन करून नाही म्हटलंय. अजून दोघांना करायचाय, एक नातलग बोलत नाही आमच्याशी पण बघतो. रानमोडीचंही खरं निघालं, काकूंना फोटो पाठवायला सांगितला, निम्मी नाही, पाऊण आहे.

आता एक प्रॅक्टिकल. गणपतीच्या आधी कौलं उतरवून पत्रे घालायचे ठरलंय, मिस्त्रीला ॲडव्हान्स दिलाय. माळ्यावरच्या कांडेचोराचं काय करू? मिस्त्री म्हणतो धूर करतो, पळेल. पिल्लं आहेत की नाही माहीत नाही.

आगरातली
धूर अजिबात करू नका, पिल्लं असली तर आई पळेल आणि ती आतच मरतील, मग वास महिनाभर. वन्यजीव कायद्यातही येतं ते, मारलं तर तुमच्यावरच. दिवसा झोपलेलं असतं, काकूंना सांगा संध्याकाळी अंधार पडताना अंगणात बसून बघायचं, एकटं निघतं की मागे छोटी आहेत. छोटी असली तर थांबा, त्यांच्या पायाने जाऊ देत. नंतर एक कोपरा उघडा ठेवून बाकीचं काम करायचं, माळ्यावर दोन रात्री बल्ब लावला की कंटाळून जातं, आमचं गेलं होतं, आता गोठ्यावर राहतं.

आणि पत्रे कशाला घालताय, उन्हाळ्यात भट्टी होईल. कौलं चांगली असली तर नुसती परतून (उतरवून नीट परत लावून) घ्या. परतायला माणूस मिळत नसेल तर सांगा, आमच्या वाडीत अजून दोघं आहेत चढणारे, एक साठीचा आहे पण चढतो.