मेंढ्या बघायला न्यूझीलंडला कशाला जायचं म्हणे!

रानवाटा:
न्यूझीलंड ट्रिपच्या धाग्यावर एका सभासदाने लिहिलंय की मेंढ्यांच्या फार्मवर घालवलेला दिवस म्हणजे पैशांचा चुराडा, "मेंढ्या तर आपल्याकडे नगर रोडवर फुकट दिसतात". तिथेच उत्तर लिहायला बसले होते पण फार लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

मुळात तुम्ही बघितलंत काय ते सांगा. रोटोरुआचा अ‍ॅग्रोडोम असेल तर तो शो आहे बाबा. स्टेजवर १९ जातींचे मेंढे ओळीने उभे, निवेदकाचे विनोद, टाळ्या. १९७१ पासून चाललाय, पोरं खूश होतात, माझी तक्रार नाही. पण आम्ही कँटरबरीत एका चालू फार्मवर गेलो होतो, तिथे आमच्यासाठी म्हणून काहीही मांडून ठेवलेलं नव्हतं. डिसेंबर, कातरणीचा सीझन. मालकीणबाईंनी एक कोपरा दाखवला, म्हणाल्या इथे उभे राहा, फाटकाच्या मधे येऊ नका, आणि गेल्या कामाला.

शेडमध्ये रेडिओ ठणाणा. कातरणारा माणूस मेंढीला पुढच्या पायांखाली धरून ओढत आणतो आणि ढुंगणावर बसवतो, की ती एकदम गप्प, अंग सोडून देते. आधी पोटाची लोकर निघते, ती हलक्या प्रतीची म्हणून बाजूला फेकायची, मग पाय, मान, पाठ, आणि अख्खी लोकर सलग एका तुकड्यात उतरते. छतापासून स्प्रिंगवर एक पट्टा लोंबत असतो, त्यावर तो माणूस छाती टेकून वाकलेला, कारण दिवसभर तसं वाकून कमरेचं भजं होतं. पैसे नगावर, तासावर नाही. एक पोरगी ती लोकर उचलून फळ्यांच्या टेबलावर अशी झोकते की चादरीसारखी पसरूनच पडते, मग दोघीतिघी भराभर कडेचा मळका भाग तोडून काढतात. मी मूठभर हातात घेतली तर तळवे तुपकट झाले, ते लॅनोलिन, लोकरीतलं मेण. हे नगर रोडवर कुठे दिसतं ते सांगा, मी उद्याच जाते.

खवचट_काका:
दिसलं असेल हो, पण जेवणाचं बोला. आमच्या ग्रुप टूरला फार्म लंच होतं, "व्हेज मिळेल ना" तीनदा विचारलं, तीनदा येस येस. ताटात उकडलेला बटाटा आणि गाजर. शेजारी लोकांना लॅम्ब रोस्ट, पुदिना सॉस. सौ.नी पर्समधून खाकरा काढला म्हणून निभावलं. एवढे पैसे घेता तर डाळभात लावायला काय जातं?

रानवाटा:
काका, धागा जेवणाचा नाहीये.

खवचट_काका:
पोटात काही असेल तर मेंढी दिसते.

नीलाक्षी_के:
जेवणाचाच आहे धागा, उलट तोच मुद्दा आहे. सकाळी कोकराला बाटलीने दूध पाजून सेल्फी आणि दुपारी तेच ताटात. त्या कोकरांच्या शेपट्या रबराच्या रिंगा लावून पाडतात ते दाखवलं का मालकीणबाईंनी? आणि ढुंगणाची कातडी सोलतात ते म्युलसिंग? टुरिस्टला फक्त गोड गोड दाखवायचं आणि आपण "अस्सल अनुभव" म्हणून पोस्टी टाकायच्या.

डनेडिनकर:
नीलाक्षीताई, म्युलसिंग ऑस्ट्रेलियात. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून कायद्याने बंद आहे आणि त्याच्या आधीही मेरिनो जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. शेपटीचं बरोबर आहे, रिंगा लावतात. नाही लावल्या तर शेणाने बरबटते, माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढी खातात. ते एकदा बघा मग रिंगेबद्दल बोलू.

गोड गोड वगैरे पण सोडा. १९८२ मध्ये या देशात ७ कोटी मेंढ्या होत्या, आता अडीच कोटीही नाहीत. १९८४ ला सरकारने सबसिडी एका झटक्यात काढली तिथून उतरण लागली ती लागलीच. मेरिनोच्या मऊ लोकरीला भाव आहे, पण बहुतेकांकडे रोमनी आणि तसल्या जाड लोकरीच्या मेंढ्या, गालिच्याची लोकर. मधली कित्येक वर्षं लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नव्हती, तरी कातरावंच लागतं नाहीतर जनावर आजारी पडतं. शेजारचे फार्म विकले जाऊन तिथे कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे झाडं शोषतात त्या कार्बनच्या पैशांसाठी, पाइनची झाडं लागताहेत. टुरिस्टच्या डॉलरवर काहींची शेती टिकलीय, त्याला नाक मुरडायचं कारण नाही.

नीलाक्षी_के:
म्युलसिंगचं ठीक, ऑस्ट्रेलिया तर ऑस्ट्रेलिया. लॅम्ब रोस्ट तर न्यूझीलंडचाच होता ना?

फलटणचा_गडी:
इथे सगळे न्यूझीलंडवर भांडताय, त्या "नगर रोडवर फुकट" वर कोणालाच काही वाटलं नाही? फुकट म्हणजे काय फुकट? आमचा वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा फिरता तळ, दिवाळीनंतर निघतो, घाट उतरून कोकणात. भात काढलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत पडतं म्हणून शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. बायका घोड्यांवर संसार लादून म्होरं जातात, गडीमाणसं मेंढरांमागं. रात्री जाळीची वाघर लावायची, कुत्रं बांधायचं, तरी लांडगा नाहीतर चोर. पावसाच्या आत परत. आणि तुम्ही गाडीची काच खाली करून फोटो काढता, हॉर्न मारता, वर शिव्या देता की रस्ता अडवला. माझ्या चुलत्याच्या कळपात पहाटे ट्रक घुसला. मेंढरं रस्त्यावर पडलेली आणि गाडीवाले कडेनं निघून चालले होते, एक थांबला तो मटण कितीला देता विचारायला. हे बघायचं असेल तर या, तिकीट लावत नाही.

रानवाटा:
दादा मी ते वाक्य खोडायलाच धागा काढलाय, नीट वाचा तरी.

फलटणचा_गडी:
वाचलं ना. "नगर रोडवर कुठे दिसतं ते सांगा" हे तुमचंच वाक्य आहे. आमच्याकडेपण कातरणी होते, वर्षातून दोनदा, हातातल्या कातरीने, मशीन नाही. दिसतं, थांबलं तर दिसतं.

सणगर_गल्ली:
कातरणी होते पण लोकर जाते कुठे ते पण सांगा की. आमच्या आजोबांकडे घोंगडी विणायचे तीन माग होते. दख्खनी मेंढीची काळी लोकर, आज्जी चरख्यावर सूत काढायची, चिंचोक्याची खळ रात्रभर शिजवून ताण्याला ब्रशने लावायची, तो वास अजून नाकात आहे. आता लोक बाजारातून मिलचं ब्लँकेट आणतात आणि "घोंगडं एवढं महाग?" म्हणून आम्हालाच विचारतात. परवा एका पुण्याच्या ताईंनी दोन हजाराचं घोंगडं आठशेला मागितलं आणि अंगात न्यूझीलंड मेरिनोचं जॅकेट होतं.

रानवाटा:
हा टोमणा मला आहे का?

सणगर_गल्ली:
जॅकेट आहे का तुमच्याकडे?

डनेडिनकर:
😄 जाड लोकरीचं दुखणं मात्र दोन्हीकडे एकच. इथे २०२५ मध्ये शेवटी सरकारने आपल्या खात्यांना सांगितलं की नव्या इमारतींत लोकरीचे गालिचे वापरा. एवढ्या वर्षांनी.

फलटणचा_गडी:
आमच्यातल्या निम्म्यांनी दख्खनी सोडून जतकडची माडग्याळ जात नाहीतर संकर धरलाय. लोकर नाममात्र पण अंग भरतं, मटणाला चालतं. लोकरीला कोण विचारतो.

आणि परदेशी ज्ञान पाजळणाऱ्यांसाठी एक. ऑस्ट्रेलियावाले बुरूला मेरिनो म्हणून जुळी-तिळी देणारी जात मिरवतात, तो गुण आपल्या बंगालच्या गारोल मेंढीचा, १७९२-९३ मध्ये बोटीने तिकडे गेलेला. आमच्या फलटणला निंबकर संस्थेने तोच गुण गारोलमधून दख्खनीत आणला, नारी सुवर्णा तयार केली, जुळी कोकरं होतात. आता बोला.

खवचट_काका:
मग काढा की तुम्हीच अ‍ॅग्रो टुरिझम. वाड्यावर एक रात्र, भाकरी-ठेचा, घोड्यावर फोटो. आम्ही येतो, जेवणाची तर खात्री आहे.

फलटणचा_गडी:
काका तुम्ही वयाने मोठे म्हणून गप बसतो. आमची आई तीन दगडांवर चूल मांडून वीस माणसांचं करते ते तुमच्या फोटोसाठी नाही. त्या मालकीणबाईंची स्वतःची शेकडो एकर जमीन आहे, त्यांनी ठरवलं फाटक उघडायचं की नाही. आमच्याकडे फाटकच नाही. आज या शेतात, उद्या पुढच्या, कुणी हुसकलं की उठायचं. टुरिस्ट कुठे बोलावू, हायवेच्या कडेला?

नीलाक्षी_के:
हे पटलं. मटणाचं सोडून.

रानवाटा:
फाटकाचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून मी तिकडे बघितलं ते खोटं होत नाही. काम चालू असलेल्या जागी तासभर गप्प उभं राहिलं तर काहीतरी कळतं, मग ते कँटरबरी असो नाहीतर फलटण. मूळ सभासदाने बसमधून उतरून स्कोन खाल्ला आणि परत बसमध्ये चढला, त्याचेच फोटो आहेत धाग्यावर.

सणगर_गल्ली:
जॅकेटचं उत्तर टाळलंत.

रानवाटा:
आहे. सेलमध्ये घेतलंय. आता घोंगडं पण घेते, पूर्ण भावात, पत्ता खाजगी निरोपात पाठवा. झालं समाधान?

सणगर_गल्ली:
काळं की करडं?

नवखा_प्रवासी:
मधेच विचारतो सॉरी, मी जानेवारीत जातोय, त्याआधी गावी भावाच्या मेंढ्यांत आठवडाभर असणार आहे. एअरपोर्टवर काही प्रॉब्लेम?

डनेडिनकर:
फॉर्मवर गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांत होतात का ते विचारतात, सरळ हो लिहा. इकडे जनावरांची लाळ्या-खुरकूत साथ नाही आणि ती येऊ नये म्हणून फार जपतात. बूट घरूनच घासून न्या, तरी ते बघतील, वाटलं तर धुवून देतील. सांगायच्या वस्तू लपवल्या तर ४०० डॉलर दंड जागेवर.

फलटणचा_गडी:
आणि तिकडच्या फार्मवरून आमच्या वाड्यावर येताना कोणी बूट धुतो का, ते पण विचारा.

खवचट_काका:
खाकरा डिक्लेअर करावा लागतो का?

डनेडिनकर:
हो काका. खाण्याचं सगळं.