मदत हवी आहे: ४-४ बरोबरी, शेवटचे गुण मुलीचे, तरी ती हरली कशी?

नमस्कार मंडळी,

मुलगी १५ वर्षांची, फ्रीस्टाइल खेळते. परवा तिची कुस्ती ४-४ वर संपली आणि पंचांनी हात वर केला तो निळ्या पोशाखातल्या मुलीचा. माझी लाल पोशाखात होती.

घडलं ते असं. पहिल्याच मिनिटात समोरच्या मुलीने उभ्यानेच तिला उचलून पाठीवर टाकलं, चार गुण. मग माझ्या मुलीने एकेरी पट काढून (समोरचीचा एक पाय धरून पाडून) पाठीमागून ताबा घेतला, दोन गुण. दहा-बारा सेकंद उरले असताना पुन्हा तोच पट, पुन्हा दोन. मॅटवर घासून खांद्यावर लाल वळ उठला होता, पण तिने धरलेला पाय सोडला नाही. वेळ संपली तेव्हा जिंकल्याच्या आनंदात ती माझ्याकडे बघत होती. बरोबरीत शेवटचा गुण ज्याचा, कुस्ती त्याची, असंच आम्ही ऐकत आलोय. फलकावर मात्र निळ्या बाजूच्या ४ खाली रेघ होती. ती कशाची?

शिवाय रेपचेज (हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणारी दुसरी संधी) मिळेल म्हणून तिला दोन तास अंग गरम ठेवायला लावलं आणि शेवटी मिळालाच नाही. पंचांवर राग नाही. पण ती रात्री विचारत होती आणि मला काही सांगता येईना.

प्रतिसाद १
ताई, निकाल नियमाला धरूनच आहे. गुण समान झाले की आधी पाहतात मोठ्या गुणांचा डाव कोणाचा. तिथेही बरोबरी असेल तर कोणाला ताकिदी कमी, आणि त्यानंतर शेवटचा गुण. तुम्ही ऐकलेला नियम खरा आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. चारचा एक डाव दोनच्या दोन डावांना भारी पडतो. बरोबरीत सध्या कोण पुढे आहे, ते ती रेघ दाखवते.

रेपचेज फक्त अंतिम फेरी गाठणाऱ्या दोघींकडून हरलेल्यांना मिळतो. ती निळ्या पोशाखातली मुलगी पुढे उपांत्य फेरीत हरली असणार.

धागाकर्ती
हो, उपांत्य फेरीतच हरली ती! आता उलगडा झाला. मग त्या शेवटच्या दहा सेकंदांत तिने काय करायला हवं होतं?

प्रतिसाद १
ताबा मिळाल्यावर थांबायचं नाही. तिथेच पाय बांधून समोरचीला पाठीवरून फिरवलं की आणखी दोन, ६-४. किंवा त्याआधीच कधीतरी रेषेबाहेर ढकलून एक गुण घ्यायचा. मागे असताना मनात हिशोब 'बरोबरी'चा नाही, 'एक जास्त'चा हवा. आणि प्रशिक्षकांनी पंचांच्या निर्णयाला उगाच आव्हान दिलं नाही हे बरं केलं, ते फेटाळलं गेलं की समोरच्याला एक गुण जातो.

प्रतिसाद २
ताई, जुन्या लोकांचं ऐकून गोंधळ होतोच. २०१३ पर्यंत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या असत आणि तीनपैकी दोन जिंकाव्या लागत. त्या वर्षी कुस्ती ऑलिम्पिकमधून जायची वेळ आली, तेव्हा नियम बदलले आणि सगळ्या कुस्तीचे गुण एकत्र मोजायला लागले. तिच्या खांद्याच्या वळाला मात्र जपा, मॅटवरच्या खरचटण्यातून त्वचेचा संसर्ग लवकर होतो.