राज्यशास्त्रातलं ‘राज्य’ म्हणजे नक्की कोणतं?

अकरावीचा पालक:
मुलीने अकरावी आर्ट्सला राज्यशास्त्र घेतलंय. सुरुवातीलाच ‘राज्य’ हा धडा, त्यात राज्याचे चार घटक दिलेत, लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. तर बाईसाहेब विचारतात, बाबा महाराष्ट्राला सार्वभौमत्व कुठाय, मग ते राज्य कसं काय? मी आपला कॉमर्सवाला, गप्प बसलो. शिवाय आठवीपर्यंत नागरिकशास्त्र आणि नववीपासून एकदम राज्यशास्त्र, हे नुसतं नाव बदललंय की खरंच फरक आहे? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा:
मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. मराठीत एकाच शब्दाच्या गळ्यात दोन कामं पडलीत. इंग्रजीवाले स्टेटचा पहिला एस कॅपिटल काढून वेळ मारून नेतात, देवनागरीत ती सोय नाही. धड्यातलं राज्य म्हणजे राज्यसंस्था, त्या अर्थाने भारत हे राज्य. महाराष्ट्र, गोवा, केरळ ही घटकराज्यं, त्यांना सार्वभौमत्व नाही. दोन्ही शब्द मराठीत आधीपासून आहेत हो, राज्यशास्त्राच्या लेखनात सर्रास दिसतात, पण शाळेत येईपर्यंत दोन्हींचं नुसतं राज्य होतं आणि पोरं गोंधळतात.

घटनेत तर अजून मजा. कलम 1 मध्ये भारत हा ‘राज्यांचा संघ’, तिथे घटकराज्यं अभिप्रेत. पण कलम 12 ला मूलभूत हक्कांपुरती राज्याची जी व्याख्या आहे तिच्यात केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारं आणि विधानमंडळं आणि वर स्थानिक प्राधिकरणं असं सगळं येतं, म्हणजे तुमच्या गावची ग्रामपंचायत सुद्धा त्या अर्थाने राज्य! हे पोरांना सांगितलं की हसतात, पण उद्या नगरपालिकेने दोन सारख्या अर्जदारांना उगाच वेगवेगळा न्याय लावला तर कलम 14 घेऊन कोर्टात जाता येतं ते याच व्याख्येमुळे. मुलीला तिन्ही अर्थ एकाखाली एक वहीत लिहायला सांगा, पुढचे निम्मे धडे सोपे जातील.

रात्रपाळी:
नागरिकशास्त्र, टाइमटेबलवर ना.शा., तो तास कायम इतिहासाच्या बाईच खायच्या 😄 फरक आहे पण. नागरिकशास्त्रात नागरिक मध्यभागी, हक्क, कर्तव्य, ग्रामपंचायत ते संसद असा जिना. आताच्या नववीच्या पुस्तकात परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे आहेत, दहावीला निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. हे नागरिकशास्त्र नावाखाली मावलं नसतं. आणि एमपीएससीवाल्यांना विचाराल तर ते दोन्ही म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी सगळं ‘पॉलिटी’.

टेम्सकाठ:
इकडे ब्रिटनमध्ये ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, विषयाचं नाव नुसतं ‘पॉलिटिक्स’. पूर्वी ‘गव्हर्न्मेंट अँड पॉलिटिक्स’ असायचं. मुलगा तेच करतोय. आईला फोनवर सांगितलं की तो राजकारण शिकतोय तर ती म्हणाली, ते घरात कमी आहे का म्हणून शाळेत शिकवताय! मग शास्त्र जोडलं तेव्हा तिचं समाधान झालं.

अकरावीचा पालक:
हाहा, आमच्याकडेही शेजारचे काका विचारून गेले, वॉर्डात उभी राहणार का.

जुनी पोथी:
राजकारण शब्द बिचारा उगाच बदनाम. दासबोधात ‘मुख्य हरिकथा निरूपण, दुसरें तें राजकारण’ म्हटलंय, तिथे त्याला घाण वास नाही. ऑफिसातल्या कुरघोडीला आपण राजकारण म्हणायला लागलो आणि शब्द नासला. अजून एक गंमत, कौटिल्याच्या ग्रंथाचं नाव अर्थशास्त्र पण तो आहे राज्यकारभारावर, आणि आर्ट्सच्या पोरांना अर्थशास्त्र हा वेगळाच विषय.

माझी तक्रार मात्र दुसरी आहे. हल्ली चॅनेलवाले हिंदीच्या नादाने ‘राजनैतिक पक्ष’, ‘राजनीती तापली’ असलं काहीतरी बोलतात. मराठीत पक्ष राजकीय असतो, दोन देशांमधले संबंध राजनैतिक असतात आणि राजनीती म्हणजे राज्य चालवण्याची नीती, तापतं ते राजकारण. पोरं ऐकून तेच पेपरात लिहितात, ‘भारत-नेपाळ राजकीय संबंध’ आणि ‘राजनैतिक पक्षांची कार्ये’, नेमकं उलटं.

रात्रपाळी:
सगळंच हिंदीवर ढकलू नका हो, राजनीतिशास्त्र हा शब्द मराठीतही वाचलाय मी.

जुनी पोथी:
असेल की, तो चुकीचा नाहीच. चूक राजनैतिक आणि राजकीय यांची अदलाबदल करण्यात आहे.

अकरावीचा पालक:
बरं, राज्यसंस्था आणि घटकराज्य हे मुलीला एकदम पटलं, लगेच म्हणाली मग महाराष्ट्राला तीनच घटक. आता प्रश्न असा की परीक्षेत राज्यसंस्था लिहिलं तर मार्क कापतील का?

खडूफळा:
रिस्क नको. व्याख्येत पुस्तकातला ‘राज्य’ हाच शब्द ठेवायचा, आणि उत्तरात महाराष्ट्र किंवा दुसरं कुठलं राज्य उदाहरण म्हणून आलं की तिथे घटकराज्य लिहायचं. आणि हो, चार घटक विचारले तर चारच लिही म्हणावं, महाराष्ट्राचे तीन वगैरे नको, तपासणारा प्रत्येक जण हसून घेणारा नसतो.