‘आउटपुट’ला मराठीत काय म्हणावं?

पार्लेकर: आम्ही तिघं शब्दकोडी बनवणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. जीपीएल, म्हणजे प्रोग्रॅम कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशी मुभा देणारं लायसन्स; त्याची २००७ची तिसरी आवृत्ती लावायची, हे ठरलंय. सोबत मराठीत खुलासा द्यायचाय: प्रोग्रॅम जीपीएलखाली, पण त्यातून निघालेलं कोडं ज्याचं त्याचं. मंडळाच्या स्मरणिकेत छापा, नाहीतर विका. या ‘निघालेल्या’ला शब्द काय? ‘उत्पादन’ म्हटलं की कारखाना दिसतो, ‘निष्पत्ती’ कुणी बोलत नाही. त्यात मी लिहिलेलं ‘परवाना’ मित्राने खोडून ‘अनुज्ञप्ती’ केलं.

अंधेरी_पूर्व: बरोबर केलं. आरटीओत बघा, गाडी चालवायची ती अनुज्ञप्ती, रिक्षाचा तो परवाना. लायसन्स वेगळं, परमिट वेगळं. असलेला भेद पुसायचा कशाला? शिवाय परवाना फारसी.

गिरगावची: मग ‘कागद’ही काढा! बाबांच्या दुकानात गल्ल्याच्या वर चौकटीत लावलेला असायचा, त्याला घरात सगळे परवानाच म्हणायचे. अनुज्ञप्ती मी पहिल्यांदा शिकाऊ लायसन्सच्या फॉर्मवर वाचलं आणि रांगेतल्या मागच्या बाईंना अर्थ विचारला. ज्याला हक्क देताय, त्याला ते वाचून कळायला नकोत का?

मुलुंडकर: मूळ प्रश्नावर: ‘दळण’ घ्या. गहू आपले, गिरणी त्याची. पीठ घरी नेताना गिरणीवाला त्यावर हक्क सांगत नाही. जीपीएलचंही तेच आहे.

अंधेरी_पूर्व: दळण म्हणजे दळायला दिलेलं धान्य. ते इनपुट झालं.

मुलुंडकर: आमच्याकडे दळण टाकायलाही जातात आणि आणायलाही. आणताना डबा कोमट लागतो, तेव्हा आत गहू नसतात.

गिरगावची: पण पार्लेकर, कोड्यातली सूत्रं प्रोग्रॅमसोबतच येतात ना? मग गिरणीवाल्याने आपलं मूठभर पीठ त्यात घातलं की. प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूर आउटपुटमध्ये उतरला, तर तेवढ्यावर जीपीएल लागू होतं. जीपीएल ज्यांचं, त्या जीएनयू प्रकल्पाच्या बायसनमध्ये (हा दुसऱ्या प्रोग्रॅमचा कोड तयार करून देणारा प्रोग्रॅम) असंच होतं, म्हणून त्यांनी वेगळी सवलत लिहून ठेवली. तुम्हीही लिहा.

दादर_टीटी: आणि ‘फ्री सॉफ्टवेअर’ला ‘मोफत सॉफ्टवेअर’ मुळीच लिहू नका, ‘मुक्त’ लिहा. जीपीएलखालचं सॉफ्टवेअर विकताही येतं.

अंधेरी_पूर्व: मुक्त म्हणजे ‘ओपन’. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. जीपीएल लिहिणारे स्टॉलमन फ्री आणि ओपन वेगळे म्हणून भांडतात, आपण दोन्ही एकाच शब्दात कोंबतो.

दादर_टीटी: त्या विद्यापीठात फी भरावी लागते, तरी कुणी फसवल्याची तक्रार करत नाही. मुक्तमध्ये फुकट ऐकू येत नाही, मला तेवढं पुरतं.

पार्लेकर: सूत्रांचं खरंच सुटलं होतं, सवलतीचं वाक्य आज रात्री घालतो. आउटपुटची जागा अजून रिकामीच आहे. ‘दळण’ आईला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं. मित्र मात्र मान्य करत नाही.

गिरगावची: मित्राला ‘परवाना’ तरी परत लिहायला लावा.

मुलुंडकर: उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. आपला परवाना तोच का? कुणाकडे व्युत्पत्तिकोश आहे?