ब्राउनस्टन ते वीडन: नॅरोबोटीनं एका दिवसात होईल का?

रानवाट (प्रश्न):
जूनमध्ये इंग्लंडमध्ये भाड्याची 60 फुटी नॅरोबोट (कालव्यावरची लांब, अरुंद बोट) घेतोय. आदल्या दुपारी ब्राउनस्टनला ताबा मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला निघून ग्रँड युनियन कालव्यानं वीडनला मुक्काम करायचा विचार आहे. नकाशावर अंतर साडेआठ मैलांच्या आसपास दिसतं, वाटेत 13 लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद) आणि ब्राउनस्टनचा बोगदा आहे. आम्ही दोघं चाळिशीतले, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. चौघांपैकी कुणीही आधी बोट चालवलेली नाही. एका दिवसाला हे झेपेल का? लॉकवर कुणी काय करायचं आणि आई-बाबांना कोणतं काम द्यावं?

लॉककिल्ली:
झेपेल, पण मैल मोजू नका, लॉक मोजा. कालव्यावरचा नेहमीचा हिशोब असा की मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि 3 नं भागायचं. साडेआठ अधिक 13 म्हणजे साडेएकवीस, म्हणजे सात तास. सरावलेले लोक 4 नं भागतात. तुम्ही 3 च धरा आणि जेवणाचा तास वेगळा ठेवा.

वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, पण सलग तेवढा वेग कधीच मिळत नाही. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवावं लागतं, नाहीतर पाणी ओढलं जाऊन त्यांच्या खुंट्या उपटून येतात. ब्राउनस्टनला अशा बोटींची लांबच लांब रांग असते. वेग वाढवून वेळ भरून काढता येत नाही, कारण कालवा उथळ आहे. इंजिनाचा जोर वाढवला की बोटीचं मागचं बूड खाली बसतं, काठावर लाट फुटायला लागते आणि बोट उलट हळू होते. मागे वळून पाहिल्यावर काठाला लाट फुटताना दिसली की जोर कमी करायचा.

ब्राउनस्टनचे 6 लॉक चढायला दीड-दोन तास, बोगद्याला 25 मिनिटं, तिथून नॉर्टन जंक्शन पाऊण तास. जेवण तिथेच उरका, म्हणजे बकबीचे 7 लॉक उतरताना घाई होणार नाही. त्यांना दोन तास धरा. शेवटचा तुकडा सपाट आहे, तासाभराचा.

बोगदा 1796 सालचा, 1,867 मीटर लांब, आत टोपाथ (काठची पायवाट) नाही. खोदताना दिशा चुकल्यामुळे मध्ये किंचित वळण आहे, त्यामुळे समोरच्या बोटीचा दिवा कधी कधी अचानक सामोरा येतो. दोन नॅरोबोटी एकमेकींना ओलांडू शकतात. उजवीकडे राहा, वेग कमी करा, पण न्यूट्रलला आणू नका. बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा फिरत नसेल तर सुकाणू काहीच काम करत नाही. आत शिरण्याआधी हेडलाइट आणि केबिनमधले दिवे लावा, शेगडी बंद करा, एक लांब हॉर्न द्या. छतातून पाणी गळतं, रेनकोट हाताशी असू द्या.

सुकाणू:
लॉकबद्दल सविस्तर लिहितो, कारण भाड्याच्या बोटींचे बहुतेक गंभीर अपघात तिथेच होतात.

या कालव्यावरचे लॉक 14 फूट रुंद आहेत, तुमची बोट जेमतेम 7 फुटांची. म्हणजे दोन बोटी शेजारी-शेजारी मावतात. मागून कुणी येत असेल तर पाच-दहा मिनिटं थांबा. एका लॉकमागे दोन लाखांहून जास्त लिटर पाणी खाली जातं, ते वाचतं, आणि दरवाजे ओढायला चार हात जास्त मिळतात.

चढताना बोट आत घेऊन खालचे दरवाजे बंद करा. मग ज्या बाजूच्या भिंतीला बोट आहे, त्याच बाजूचं जमिनीतलं पॅडल (पाणी आत-बाहेर सोडायची झडप) आधी उघडा, तेही निम्मंच. पाणी बोटीखालून समोरच्या भिंतीवर आदळून परततं आणि बोटीला तुमच्याच भिंतीशी दाबून धरतं. समोरच्या बाजूचं आधी उघडलंत तर 60 फुटांची बोट आडवी फेकली जाते. दरवाज्यात बसवलेली पॅडल असतील तर पाणी चांगलं वर येईपर्यंत त्यांना हात लावू नका, नाहीतर धबधबा थेट पुढच्या डेकवर पडतो.

उतरताना धोका वेगळा. वरच्या दरवाज्यांच्या पायथ्याशी दगडी किंवा काँक्रीटची पायरी असते, तिला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना ती दिसत नाही. काठावर पांढरी रेघ असते, बोटीचा मागचा भाग कायम तिच्या पुढे हवा. सुकाणू तिच्यावर अडकलं तर पाणी उतरत जातं, मागची बाजू वर लटकते आणि बोट नाकावर कोसळते. अडकतंय असं दिसताक्षणी आधी खालची पॅडल बंद करा, मगच वरची उघडा. हा क्रम उलटा झाला तर वरचं पाणी येईपर्यंत बोट खाली जातच राहते. चढताना पुढचं टोक वरच्या दरवाज्याच्या लाकडाखाली अडकलं तर वरची पॅडल आधी बंद, मग खालची उघडायची.

दोरी लॉकमध्ये गाठ मारून कधीही बांधू नका. खुंट्याला एक वेढा घेऊन टोक हातात ठेवा आणि बोट खाली जाईल तशी सोडत राहा.

विंडलास (पॅडल उघडायचं सुटं हँडल) पॅडलच्या दांड्यावर अडकवून बाजूला जाऊ नये. पॅडल वर धरून ठेवणारी खीळ निसटली तर तो गरगर फिरून मनगट मोडू शकतो. पॅडल खाली आणतानाही फिरवतच आणा, धाडकन सोडू नका. दरवाज्याची तुळई (तो उघडायचा लांब दांडा) पाठ टेकवून, पाय रोवून ढकला. हलत नसेल तर दोन्हीकडचं पाणी अजून समान झालेलं नाही. ताकद लावू नका, मिनिटभर थांबा.

वाटणी अशी करा: एक जण सुकाणूवर, एक जण विंडलासवर. आईंना काठावर उभं करा, हात उंच करून "थांबा" म्हणण्याचा अधिकार त्यांचा. हे काम नावापुरतं नाही. सुकाणूवरच्याला बोटीची दोन्ही टोकं एकदम दिसत नाहीत, वरून पाहणाऱ्याला दिसतात. बाबांना पुढचा लॉक भरलेला आहे की रिकामा, हे चालत जाऊन पाहता येईल. फक्त लॉक ओलांडायला दरवाज्यावरच्या अरुंद फळीऐवजी जिथे पूल असेल तो वापरावा.

पाणवठा:
वरचं सगळं पटतं, पण मुक्कामाच्या जागेबद्दल माझं मत वेगळं आहे. वीडनला कालव्याच्या अगदी शेजारून लंडनकडचा मुख्य लोहमार्ग जातो, रात्री झोपमोड होते. नॉर्टन जंक्शनला डावीकडे लेस्टरच्या फाट्याला वळून क्रिकला जा. अंतर आणि लॉक जवळपास तेवढेच पडतात. वॉटफर्डचे 7 लॉक अरुंद आहेत, दरवाजे हलके आहेत, आणि हंगामात तिथे मदतीला लॉककीपर असतात.

त्यातले 4 एकाला एक जोडलेले आहेत. शेजारी साठवणीचं कुंड असतं, म्हणून आधी लाल पॅडल, मग पांढरं. लालमधून कुंडातलं पाणी खालच्या लॉकमध्ये जातं आणि कुंड रिकामं होतं, मग पांढऱ्यातून वरच्या लॉकचं पाणी कुंडात येतं. उलट केलंत तर भरलेलं कुंड ओसंडून वाहतं. आधी चालत जाऊन कीपरला सांगा, नंबर मिळाल्याशिवाय आत शिरू नका. जूनमध्ये गर्दीला तासभर थांबावं लागू शकतं आणि संध्याकाळी शेवटच्या प्रवेशाची वेळ ठरलेली असते, ती आदल्या दिवशी तपासा. पुढे क्रिकचा बोगदा 1,397 मीटरचा आहे, तोही ओला.

रानवाट:
क्रिकचा पर्याय आवडला. अजून दोन गोष्टी. पंख्यात काही अडकलं तर? आणि चालू बोटीत स्वयंपाक करता येतो का?

सुकाणू:
पंख्यात प्लास्टिक किंवा दोरी अडकली की धूर वाढतो, बोट थरथरते आणि ओढ कमी होते. आधी न्यूट्रल, मग क्षणभर रिव्हर्स. त्यानं नाही सुटलं तर बोट काठाला बांधा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला आणि मागच्या डेकखालच्या वीड हॅचमधून हात घालून सुरीनं कापून काढा. जाड हातमोजे हवेत, कधी काटेरी तारही निघते. झाकण परत बसवल्यावर पट्टी घट्ट आवळून हलवून पाहा. सैल राहिलं तर पंखा पाणी थेट इंजिनाच्या खोलीत फेकतो आणि बोट बुडते. इंजिन सुरू करून वीड हॅचच्या कडेनं पाणी येत नाही ना हे पाहिल्याशिवाय निघू नका.

बोट चालू असताना चहा, वरण-भात ठीक. लॉकमध्ये शेगडी बंद. बोट भिंतीला आपटते, फोडणीचं तेल अंगावर येतं.

लॉककिल्ली:
सकाळी इंजिनाचं तेल आणि कूलंट तपासा. संध्याकाळी थांबल्यावर पंख्याच्या दांड्याचा ग्रीसर (ग्रीस आत दाबणारी चावी) घट्ट लागेपर्यंत फिरवा, नाहीतर रात्रभर थेंब थेंब पाणी आत येतं. पाण्याची टाकी ब्राउनस्टनलाच भरून घ्या, पूर्ण भरायला तासभर लागू शकतो. बोट बांधताना पुढची आणि मागची अशा दोन्ही दोऱ्या वापरा. नुसत्या मधल्या दोरीवर ठेवलेली बोट शेजारून दुसरी गेली की एका बाजूला कलते. काठाला लोखंडी पत्रा असेल तर खुंट्या ठोकू नका, पत्र्यामागे अडकणारे हूक बोटीवरच असतात, ताबा घेताना मागून घ्या.