घरी रॉ चॉकलेट: काकवी घातली की गोळा होतोय, काय करू?

राजारामपुरी_गल्ली५
मंडळी, घरात साखर बंद केलीय पण पोरगी चॉकलेट सोडायला तयार नाही, म्हणून म्हटलं रॉ चॉकलेट घरीच करू. न भाजलेल्या बियांची कोको पावडर ऑनलाइन मागवली, कोको बटर लै महाग म्हणून खोबरेल तेल घेतलं आणि गोडीला आपली काकवी. डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून) तेल आणि पावडर मस्त चकचकीत झालं होतं, काकवी ओतली आणि सगळं फाटलं, मधे घट्ट गोळा आणि कडेनं तेल. तसंच साच्यात दाबून फ्रीजला लावलं तर बाहेर काढल्या काढल्या बोटाला लागतंय. गूळ सोडणार नाही, कोल्हापुरात राहून साखर कशाला घालायची? कुणी केलंय काय?

रंकाळा_चौपाटी
काकवीत पाणी असतंय हो. चॉकलेट म्हणजे चरबीत बुडालेले कोरडे बारीक कण, त्यात चमचाभर पाणी गेलं तरी कण एकमेकांना चिकटून गोळा होतो, मधानं पण हेच होतं. पातेलं, चमचा, साचा सगळं खडखडीत कोरडं पाहिजे आणि डबल बॉयलरची वाफ पण आत जाता कामा नये.
खोबरेल तेल २४ डिग्रीला वितळतं, एप्रिलमध्ये आपल्या घरात पंख्याखाली पण त्याच्यावरच असतंय. कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं, म्हणून बाहेर टिकतं आणि तोंडात विरघळतं, तिथं पैसे वाचवू नका. मी १०० ग्रॅम कोको बटरला ८० ग्रॅम पावडर आणि ५०-६० ग्रॅम गूळ पावडर घेतो. गूळ पावडर पण ओल धरते, ताटात पातळ पसरून कडक उन्हात वाळवायची, मग मिक्सरला फिरवून मैद्याच्या चाळणीनं चाळायची. तरी किंचित कचकच लागणारच.

मंगळवारपेठ_कट्टा
कचकच घालवायची असेल तर टेबलटॉप वेट ग्राइंडर, इडलीचं पीठ वाटायचा दगडी रोलरवाला. घरी बियांपासून चॉकलेट करणारे बरेच जण त्यातच १२ तास, २४ तास फिरवतात, कारण कण साधारण ३० मायक्रॉनच्या खाली गेला की मगच जिभेला कळत नाही. फक्त ज्यात कधी कांदा-लसूण मसाला वाटलाय त्यात करू नका भावा, कोको बटर वास लगेच धरतं, चॉकलेटला चटणीचा वास म्हणजे नादच खुळा 😂

डॉक्टरीण_नागाळापार्क
थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. "रॉ" म्हणजे ४५-४८ डिग्रीच्या वर न तापवलेलं असं धरतात, पण कोकोच्या बिया आंबवताना ढीग स्वतःच ४५-५० पर्यंत तापतो. आणि गूळ तर काहिलीत शंभरच्या वर उकळून होतो, मग रॉ राहिलं कुठं? भाजताना साल्मोनेलासारखे जंतू मरतात, न भाजलेल्यात ती खात्री नसते. लहान मुलीसाठी करताय तर सरळ भाजलेल्या कोकोची पावडर घ्या, चव पण जास्त खुलते. आणि साखर बंद केली म्हणताय, पण गूळ म्हणजे पण बहुतांश साखरच आहे हो.

राजारामपुरी_गल्ली५
ताई, गुळाचं डोक्यातच आलं नव्हतं 😅 भाजलेलीच पावडर घेतो मग. कोको बटर लक्ष्मीपुरीत मिळंल का?

रंकाळा_चौपाटी
बेकरीच्या सामानाच्या दुकानात विचारा, पण चॉकलेट म्हणून कंपाउंडच्या (कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेल्या) लाद्या गळ्यात मारतील, लेबलवर हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट दिसलं की ठेवून द्यायचं. साबण-क्रीमवाल्यांचं कोको बटर पण नको, खाण्याचं लिहिलेलंच घ्या.
आणि टेम्परिंग (वितळवून, गार करून परत किंचित तापवणं) केलं नाही तर वर पांढरट डाग येतील आणि मोडताना कट्ट आवाज येणार नाही. ४५ ला वितळवा, हलवत हलवत २७-२८ पर्यंत गार करा, परत ३१-३२ ला आणून साच्यात ओता. थर्मामीटर घ्याच, बोटानं अंदाज येत नाही. उन्हाळ्यात पहाटे करा, दुपारी ते २७ ला उतरतच नाही.

मंगळवारपेठ_कट्टा
पहिल्या लादीचा फोटो टाका, चव बघायला आम्ही येतो राजारामपुरीत.