पडद्यावरचा साचा आणि आपलं घर: तुमचे अनुभव लिहा

टीव्ही, सिनेमा, जाहिराती, पेपर यांत माणसांचे ठरलेले नमुने दिसतात, हे आपण बरेचदा बोलतो. मला त्याच्या पुढचं ऐकायचं आहे. ते चित्र तुमच्या घरातल्या एखाद्या निर्णयात येऊन बसलं का? लग्न, नोकरी, भाड्याची खोली, शाळा, काहीही चालेल. नेमका प्रसंग लिहा, वर टोपणनाव टाकलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. मी लातूरची, रंगाने सावळी. २००६ च्या सुमारास माझ्यासाठी स्थळं बघायला लागले, तेव्हा फोटोवाल्याने न विचारताच कॉम्प्युटरवर चेहरा उजळ करून दिला. हात मात्र तसेच राहिले. बायोडेटाला तोच फोटो लागला. तेव्हाच्या गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती आठवा. सावळी मुलगी खिडकीशी उदास बसलेली, वडील काळजीत, मग ती ट्यूब, आणि मग नोकरी अन् नवरा एकदमच. आम्ही सगळे एकत्र बसून ते बघायचो. आईने मला कधी काळी म्हटलं नाही. पण दर महिन्याच्या किराणा यादीत साखर-चहापत्तीच्या खाली ट्यूब लिहिलेली असायची आणि ती कुणासाठी आहे हे घरात कुणाला सांगावं लागत नसे. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' गेलं, त्याच सुमारास लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळ शोधायची सोय बंद केली. परवा भाचीचा बायोडेटा हातात आला. 'वर्ण: निमगोरा' ही ओळ अजून आहेच.

वॉर्ड सात

बीएस्सी नर्सिंग करून पुण्यात अतिदक्षता विभागात काम करतो. आमच्यात पुरुष नर्सला 'ब्रदर' म्हणतात. पेशंटचे नातेवाईक मात्र वॉर्डबॉय समजतात, नाहीतर एकदम डॉक्टर. व्हेंटिलेटरचं सेटिंग बघत असलो तरी मागून आवाज येतो, "जरा सिस्टरला बोलवा ना." स्थळ आलं तेव्हा मुलीच्या मामांनी तोंडावर विचारलं, "म्हणजे बायकांचंच काम ना हे?" सिनेमात नर्स म्हणजे हिरोच्या उशाशी उभी असलेली किंवा विनोदाला वापरलेली बाई. माझ्या बरोबरीच्या सिस्टरांना त्याचा त्रास माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतो, हेही लिहायलाच हवं. रात्रपाळीला काही लोक त्यांच्याशी ज्या सुरात बोलतात, तो सूर कुठल्या सीनमधून उचललाय ते ओळखू येतं.

शिवणटीप

मी आतली माणूस आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत, तिथे कॉस्च्युमला असिस्टंट होते. नायिकेच्या पेटीत काठापदराच्या साड्या, कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज आणि मंगळसूत्र. खलनायिकेच्या पेटीत स्लीव्हलेस आणि गडद लिपस्टिक, शिवाय तिचे केस मोकळे. ती पुढे सुधारणार असं ट्रॅकमध्ये, म्हणजे पुढच्या कथानकात, ठरलं, की लेखकाच्या आधी आम्हाला निरोप यायचा, "तिच्या बाह्या वाढवायला घ्या." मंगळसूत्र झोपेच्या सीनमध्येही हवंच. एकदा हॉस्पिटलच्या सीनसाठी काढलं, तर थेट चॅनेलकडून फोन आला.

हे का चालतं तेही सांगते. गुरुवारी रेटिंग येतं, म्हणजे मालिका किती लोकांनी बघितली त्याचा आकडा. आकडा पडला की नायिकेची नोकरी सुटते आणि ती परत स्वयंपाकघरात येते. स्वयंपाकघराचा सेट उभाच असतो. ऑफिस लावायचं म्हणजे वेगळा खर्च, आणि इथे रोजचा एपिसोड रोज काढायचा असतो. लेखकांना हे पटतं असं नाही. मी दोघा-तिघांना भांडतानाही पाहिलंय.

आमच्या घरच्या एका साखरपुड्यात पाहुण्यांनी माझ्या जावेचं कौतुक केलं, "अगदी त्या मालिकेतल्या सुनेसारखी आहे हो." मग माझ्या ड्रेसकडे बघून गप्प झाले. त्या सुनेची साडी रोज सकाळी आम्हीच पिना लावून नेसवायचो. आम्ही उभी केलेली बाई माझ्याच घरात माप झाली होती, आणि त्या मापाने मला मोजलं जात होतं. फार लागलं ते.

म्हापशाची

पुण्यात कॉलेजला आले तर होस्टेलवर पहिलाच प्रश्न, "गोव्याची ना, मग काय काय पितेस?" हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं गोव्याचा ख्रिश्चन म्हणजे झिंगलेला म्हातारा, नाहीतर फ्रॉकमधली पोरगी, एवढंच दाखवलं. माझी रूममेट ख्रिश्चन. खोली भाड्याने देताना मालकिणीने तिला पुन्हा पुन्हा बजावलं, "इथे रात्रीच्या पार्ट्या चालणार नाहीत." मला एकदाही नाही. तिचे वडील पोदेर आहेत. मध्यरात्री उठून भट्टी पेटवतात, उजाडायच्या आत गावात पाव पोचवतात. असा गोंयकार पडद्यावर बघायला मला फार आवडेल.

दोन पोरींचा बाबा

बायकोची बँकेतून बदली झालेली, मुली माझ्याकडे. शाळेतून फोन आला की मॅडम म्हणतात, "आईंना द्या." थोरलीने दुसरीत 'माझी आई' निबंधात लिहिलं, आई सकाळी लवकर उठून माझा डबा करते. डबा मी करतो. विचारलं तर म्हणाली, "बाबा, तसंच लिहायचं असतं." दूध, बिस्किट, मसाला, जंतुनाशक साबण, कुठलीही जाहिरात घ्या, तिला हेच दिसलंय. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडतात असं चित्र दिलं, तेव्हा त्यावर विनोद झाले. मला ते चित्र दाखवून लेकीशी बोलता आलं.

एक उपयोगाची माहिती. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या 'एएससीआय' या संस्थेने २०२२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. बाई घरकाम करताना दाखवायला हरकत नाही, पण ते काम फक्त तिचंच असं सुचवायचं नाही, आणि साच्याबाहेर वागणाऱ्याची टिंगल करायची नाही. तक्रार कुणालाही करता येते. करत जा.

कृष्णाकाठ

सांगलीत मुलींना क्रिकेट शिकवते. स्मृती मानधना आमच्या गावची. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच आठवड्यात बाप लोक पोरींना घेऊन मैदानावर यायला लागले. आधी आया यायच्या, चोरून. टीव्हीवर दिसण्याची ताकद ही अशीही असते.

माळरान

मी पारधी समाजातला. धाराशिवला वसतिगृहात राहून शिकलो. मेसमध्ये सकाळी पेपर यायचा. 'पारधी टोळी जेरबंद' असा मथळा असला की तो पेपर दिवसभर टेबलावर उघडाच पडलेला असायचा, आणि मुलं वाचता वाचता माझ्याकडे बघायची. बाकीच्या चोरीच्या बातम्यांत चोराचं नाव, वय, गाव असायचं. आमच्या वेळी आधी जात.

बारावीला असताना वसतिगृहात मोबाइल चोरीला गेला. सगळ्या खोल्या तपासल्या नाहीत. फक्त माझी पेटी उघडली. दोन शर्ट, बायोलॉजीची वही आणि आईने दिलेले भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्याची पिशवीसुद्धा ओतून बघितली. मोबाइल संध्याकाळी दुसऱ्याच मुलाच्या गादीखाली सापडला. त्याला चार शब्द सुनावले आणि विषय मिटला. माझ्याशी कुणी काही बोललं नाही.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि पुढे वाढत गेलेल्या याद्यांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. मी आता शिक्षक आहे, वस्तीवरची पोरं शाळेत आणतो. पेपरात आम्ही येतो ते आरोपी म्हणून, नाहीतर वस्ती जाळल्यावर. मागच्या वर्षी आमची एक मुलगी नर्सिंगला लागली, ती बातमी मी स्वतः लिहून दिली होती. आली नाही.

रात्रपाळी

माळरान, तुमचं वाचून राहवलं नाही. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. ती जात मथळ्यात कशी येते ते सांगतो. पोलिसांची प्रेसनोट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येते, त्यातच 'पारधी टोळी' लिहिलेलं असतं. वार्ताहर ती जशीच्या तशी पुढे पाठवतो. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं लवकर छापायला सोडायची असतात, डेस्कवर माणसं कमी, मजकूर तसाच पानात बसतो. कुणी मुद्दाम द्वेषाने लिहिलेलं नसतं, त्यामुळे कुणाला थांबून विचार करावासा वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच होतं. वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की जातीचा उल्लेख टाळावा, विशेषतः त्यातून त्या जातीची बदनामी होत असेल तर.

मी माझ्या पाळीत जात काढून टाकतो. सुरुवातीला वार्ताहरांचे फोन यायचे, "मथळ्यातला जोर गेला." आता दोघं जण स्वतःच काढून पाठवतात, बाकीच्यांची मी काढतो. तुमच्या आवृत्तीत पुन्हा असा मथळा दिसला तर तारीख आणि पान क्रमांक टाकून संपादकांना लेखी पत्र द्या, खाली वस्तीवरच्या चार-पाच जणांच्या सह्या घ्या. फोन विसरला जातो. पत्र बैठकीत वाचावं लागतं. आणि त्या मुलीची बातमी मला पाठवा, मी लावतो.